हृदयातील विद्युतवहनाचा वेग
हृदयाचा ठोका घडवणारा विद्युत आवेग हृदयस्नायूतून ज्या गतीने पसरतो, तिला हृदयातील विद्युतवहनाचा वेग म्हणतात. हा वेग अलिंदांत सेकंदाला सुमारे ०.५ ते १ मीटर, तर पर्किंजे तंतूंत २ ते ४ मीटर असतो. अलिंद-निलय गाठीत तो सुमारे ०.०५ मीटरपर्यंत उतरतो. या विलंबामुळे अलिंदांतील रक्त निलयांत उतरण्यास अवधी मिळतो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर उरलेल्या व्रणाजवळ वहन मंदावते. एकदा उत्तेजित झालेली पेशी काही काळ पुन्हा उत्तेजित होत नाही. हा काळ ०.२५ सेकंद आणि वेग ०.५ मीटर असल्यास आवेगाला फिरत राहण्यासाठी किमान १२.५ सेंटिमीटरचे वर्तुळ लागते, वेग ०.२ मीटर झाल्यास ५ सेंटिमीटर पुरतात. अशा लहान वर्तुळात आवेग फिरत राहून हृदयाची गती धोकादायकरीत्या वाढू शकते. यास पुनःप्रवेश म्हणतात.

याउलट, अलिंद-निलय गाठीतील वहन फार मंदावल्यास किंवा थांबल्यास हृदयरोध होतो. नांदेड व लातूरसह मराठवाड्यात आढळणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या (बिट्टीच्या) बियांतील विषारी द्रव्यांमुळे असा रोध उद्भवतो. ईसीजीमध्ये पीआर अंतर ०.२० सेकंदांहून अधिक होणे, ही वहन मंदावल्याची खूण होय. हे बी पोटात गेल्यास त्रास जाणवत नसला तरी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.