दगडू कोण आणि दया कोण?

मंडळी, लेखनवर्गात आम्ही पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की ‘मी कोण’ यावर एक पान लिहा. ढोकीत हे पान कसं सुरू होतं? गाव, आडनाव, वडील कारखान्यात का शेतात, भूकंपाच्या वेळी वय किती. ‘मी’ शेवटच्या ओळीत येतो, आला तर.

जॉन लॉकने १६९४ साली, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, सांगितलं की जिथवर तुमची आठवण पोचते तिथवर तुम्ही. पुढे थॉमस रीडने अडचण काढली. म्हाताऱ्याला तरुणपण आठवतं, त्या तरुणाला बालपण आठवत होतं, पण म्हाताऱ्याला बालपण आठवत नाही. मग म्हातारा आणि ते पोर एकच का दोन? आता बघा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे पाळण्यात होते, त्यांना त्या रात्रीचं काहीच आठवत नाही. गोष्ट आईच्या तोंडची, पण ‘आम्ही वाचलो’ असं ते म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. आपली आठवण पुष्कळदा दुसऱ्याच्या घरी ठेव म्हणून असते. लॉकला हे सुचलं नाही, असं आम्हाला वाटतं.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच! गावकुसाबाहेरचा दगडू बोलतो आणि शिकून पांढरपेशा झालेला कवी ऐकतो. स्वतःचं सांगायलाही समोर ऐकणारा लागतो, नसला तर आतूनच एक उभा करावा लागतो. बेबी कांबळे तर फलटणला दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहायच्या. पुस्तकाचं नाव बघा : ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नाही.

पण ‘आमचं’ म्हटलं की त्यात इतरही आले. ‘बलुतं’ आल्यावर, आपलीच लक्तरं वेशीवर टांगली, असं म्हणणारे निघालेच. तुमच्या पानात बहिणीचं मोडलेलं लग्न असेल, तर ते तिचंही आहे. आणि गाव एवढंसं, नाव बदललं तरी ओळखणारे ओळखतात. म्हणून वर्गात ऐकलेलं स्टेशनावरच्या चहाच्या टपरीवर न्यायचं नाही. लिहायचं सगळं, वाचून दाखवायचं तेवढंच जे सोसवेल. आणि ज्याला वाचायचं नाही, त्याने वही मिटून नुसतं बसावं, ऐकावं. त्याला कारण कुणी विचारायचं नाही, आम्हीसुद्धा नाही.