जिना वळतो तिथे

सरळ जिना काढणे हा मुख्यतः भागाकार असतो. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतची उंची घ्यायची, तिला एका पायरीला शोभेल अशा उंचीने भागायचे, पायऱ्या समान करायच्या. पूर्वी ड्राफ्ट्समन कागदावर मोजपट्टी तिरपी ठेवून हे समान भाग पाडत. आज रेव्हिट किंवा आर्किकॅडसारखे सॉफ्टवेअर ते काम क्षणात करते. फुकट मिळणारे फ्रीकॅडही एका रेषेवर आणि पायऱ्यांच्या आकड्यावर जिना उभा करून देते. तरीही नव्या घरांत जिन्यावर डोके आपटते, कठडा वळणावर विचित्र उडी घेतो, शेवटची पायरी जास्तच उंच लागते. याचे मूळ बहुतेक वेळा वळणावर, म्हणजे लँडिंगवर असते. लँडिंग म्हणजे दोन फ्लाईटच्या, म्हणजे पायऱ्यांच्या दोन सलग रांगांच्या, मध्ये उरलेली जागा, असे समजून आपण जिना पहिल्या पायरीपासून काढत जातो. माझे म्हणणे असे, की लँडिंग कुठे आणि किती उंचीवर येणार हे आधी ठरवावे आणि पायऱ्या त्याच्या दोन्ही बाजूंना बसवाव्यात.

नेहमीचे उदाहरण घेऊ. फरशी ते फरशी उंची ३ मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच आणि कमीत कमी २५० मिलिमीटर रुंद सांगितली आहे. आपण १८ उंच्या धरल्या तर प्रत्येक उंची सुमारे १६७ मिलिमीटर येते. रुंदी २७० ठेवली, तर दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज ६०३ होते. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँडेल या वास्तुशास्त्रज्ञाने माणसाच्या पावलावरून हीच बेरीज मांडली होती, आणि आजही ती साधारण ६०० ते ६४० मिलिमीटरमध्ये बसावी असे मानतात. इथवर सारे ठीक. आता हा जिना डॉगलेग करून, म्हणजे मध्यावर उलट दिशेने, वळवला, की प्रत्येक फ्लाईटला ९ उंच्या येतात, पण पाय ठेवायच्या रुंद्या ८च. नववी उंची चढली की आपण लँडिंगवर असतो. प्लॅनमध्ये रेषा म्हणजे उंच्या आणि रेषांमधली जागा म्हणजे रुंदी, हे विसरले की फ्लाईट एका पायरीने लांब निघते आणि मग ती जागा लँडिंगमधून कापली जाते. लँडिंग फ्लाईटच्या रुंदीपेक्षा अरुंद झाले, की कपाट वळत नाही. आजाऱ्याचे स्ट्रेचरही वळत नाही, आणि ही गोष्ट कपाटापेक्षा फार गंभीर आहे.

त्याहून मोठी गोष्ट लँडिंगच्या खाली घडते. मध्यावरचे लँडिंग दीड मीटरवर येते. १५० मिलिमीटरचा स्लॅब वजा केला तर खाली १.३५ मीटर उरतात. तिथून मागच्या दाराकडे जायची वाट काढायची असेल, तर संहितेप्रमाणे २.२ मीटर मोकळी उंची हवी. म्हणजे लँडिंग निदान पंधराव्या उंचीवर न्यावे लागते आणि वरच्या फ्लाईटला उरतात फक्त तीन. खालची फ्लाईट २.१६ मीटरवरून ३.७८ मीटर लांब होते. घराचा सगळा नकाशा बदलतो, आणि तो बदलला तो जिन्याखालून जाणाऱ्या वाटेमुळे. सॉफ्टवेअरला ही वाट आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, की आता सॉफ्टवेअर सारे जुळवून देते. रेव्हिटमध्ये दोन फ्लाईट काढल्या, की मधले लँडिंग आपोआप तयार होते आणि किती उंच्या झाल्या, किती उरल्या हेही पडद्यावर दिसते. ही सोय खरी आहे आणि मला ती मोलाची वाटते, कारण बेरजेच्या चुका ती थांबवते. पण आपोआप आलेले लँडिंग म्हणजे आपण फ्लाईट जिथे थांबवली त्याचा परिणाम. ती तिथे का थांबवली, याचे उत्तर आपल्याचकडे असते. वरची आणि खालची फ्लाईट लँडिंगच्या एकाच रेषेवर आणून भिडवली, तर कठड्याच्या दोन तिरप्या रेषा त्या जागी पायरीच्या एका उंचीइतक्या वरखाली राहतात. कठड्याची ती उडी इथून येते. वरची फ्लाईट एका रुंदीने मागे सरकवली, की दोन्ही रेषा लँडिंगच्या कडेवर बरोबर भेटतात. आपल्याकडे अनेक घरमालक पायऱ्या विषम संख्येत मागतात. १८ ऐवजी १७ धरल्या तर उंची १७६ मिलिमीटर होते, आरामात बसते. खाली ९, वर ८ अशी वाटणी केली आणि दोन्ही फ्लाईटची दुसरी टोके एका रेषेत ठेवली, की हे सरकणे आपसूक होते. श्रद्धेपोटी केलेली मागणी इथे कठड्यालाही मानवते.

दुसरा आक्षेप जागेचा आहे. लँडिंगऐवजी वळणावर त्रिकोणी पायऱ्या घातल्या तर जागा वाचते, हे खरेच. काटकोनात तीन पायऱ्या घातल्या, तर आतल्या टोकापासून अर्ध्या मीटरवर रुंदी सुमारे २६० मिलिमीटर मिळते, पण २०० मिलिमीटरवर ती जेमतेम १०५ राहते. एकटा माणूस मधून चढला तर अडचण नाही. समोरून कुणी आले, की आतल्या बाजूच्या माणसाचे पाऊल टाचेवर टिकत नाही. एकाच कुटुंबाच्या घरात हा व्यवहार चालून जाईल. सगळ्यांच्या वापराच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी तो करू देणार नाही.

साइटवर मिस्त्री सांभाळून घेईल, हा सर्वांत रूढ आणि सर्वांत महागडा दिलासा. मजल्यावर फरशीचा थर ५० मिलिमीटर आणि पायरीवर २०, पण ड्रॉइंग स्लॅबच्या पातळीवरून केलेले, तर पहिली उंची ३० मिलिमीटरने घटते आणि शेवटची तितकीच वाढते. काँक्रीट झाल्यावर मिस्त्रीला यात करण्यासारखे फार थोडे उरते. पाय मात्र आधीच्या पायऱ्यांची सवय घेऊन शेवटच्या पायरीवर येतो, आणि ठेच तिथेच लागते.

म्हणून घर बांधून घेणाऱ्याने आर्किटेक्टकडे जिन्याचा नुसता प्लॅन मागू नये. दोन्ही फ्लाईट आणि लँडिंग दाखवणारा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मागावा, आणि त्यात फरशीचे थर धरलेले असावेत. मॉडेल तयार असेल तर त्यासाठी प्लॅनवर फक्त एक रेघ ओढावी लागते.