आय ॲम हंग्री

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण असेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. त्यामुळे ही छोटी मंडळी शाळेतून आली, की तुमच्यामागे लागतात, ‘‘भाईजान, याला इंग्रजीत काय म्हणतात? आपा, त्याला काय म्हणतात?’’ कप, आंबा, मांजर, छत्री असे शब्द सांगणे सोपे असते. वस्तूकडे बोट दाखवले, शब्द सांगितला, की काम झाले. पण भूक कशी दाखवणार? भीतीकडे बोट कसे करणार?

समजा, धाकट्या भावाने तुम्हांला विचारले, ‘भूक’ म्हणजे इंग्रजीत काय? तुम्ही शब्दकोश पाहून सांगितले, ‘हंगर’. उत्तर बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात बाईंना सांगितले, ‘‘आय ॲम हंगर.’’ म्हणजे ‘मी भूक आहे’! सगळी मुले हसली. तो बिचारा खाली बसला आणि त्या दिवसापासून भूक लागली तरी गप्प राहू लागला. दोष त्याचा नव्हता. त्याला शब्द मिळाला होता, पण तो वाक्यात कसा ठेवायचा हे कोणी सांगितलेच नव्हते.

उर्दूत तुम्ही म्हणता, ‘मुझे भूक लगी है’. मराठीत म्हणता, ‘मला भूक लागली आहे’. नींद आती है, झोप येते. गुस्सा आता है, राग येतो. या दोन्ही भाषांत भूक, झोप, राग हे जणू घरी आलेले पाहुणे! ते येतात, थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. आपण नुसते ‘मला’ म्हणून दारात उभे! म्हणूनच क्रियापदही आपल्याप्रमाणे बदलत नाही, त्या पाहुण्याप्रमाणे बदलते. मुलगा असो की मुलगी, ‘मला भूक लागली’ आणि ‘मला राग आला’ असेच म्हणायचे.

इंग्रजीत मात्र माणूस ‘आय’ म्हणून पुढे येतो आणि स्वतःविषयी सांगतो. आय ॲम हंग्री, आय ॲम थर्स्टी, आय ॲम स्लीपी, आय ॲम अँग्री. ‘हंग्री’ म्हणजे भूक नव्हे, भुकेला. अशी वाक्ये आपल्याकडेही आहेतच. ‘मैं बीमार हूँ’, ‘मी आजारी आहे’, ‘आय ॲम सिक’. तिन्ही एकाच साच्यातली! धाकट्याला शिकवताना या वाक्यापासून सुरुवात करा. मग ‘सिक’ काढून तिथे ‘हंग्री’ ठेवा. नाम, विशेषण असले शब्द मुळीच काढू नका, तो पळून जाईल.

त्यापेक्षा खेळ खेळा. एकाने पोटावर हात ठेवायचा, दुसऱ्याने म्हणायचे, ‘‘यू आर हंग्री.’’ जांभई दिली तर ‘स्लीपी’. या खेळात एक गंमत होते. तुम्ही अंग थरथरवून दाखवले, तर तो ‘अफ्रेड’ म्हणेल की ‘कोल्ड’? दोन्ही बरोबर वाटतात. मग जोडीला एखादा प्रसंगही सांगावा लागतो. पावसात भिजून आलात तर ‘कोल्ड’, अंधारात कुत्रा भुंकला तर ‘अफ्रेड’.

या ‘कोल्ड’पाशी जरा थांबू या, कारण इथे तीन भाषा एकमेकींच्या पायांत येतात. उर्दूत ‘मुझे सर्दी लग रही है’ म्हणजे मराठीत ‘मला थंडी वाजते आहे’. मराठीत ‘मला सर्दी झाली’ म्हटले, की नाक वाहते आहे असा अर्थ होतो. त्यालाच उर्दूत ‘जुकाम’ म्हणतात. इंग्रजीतही असेच दोन अर्थ आहेत. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे थंडी वाजते, पण ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. आता विचार करा. तापाने हुडहुडी भरली असताना तुम्ही मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांना ‘मला सर्दी होते’ एवढेच सांगितले, तर ते आधी तुमचे नाक आणि घसाच पाहतील. ‘थंडी वाजून ताप येतो’ असे सांगितले, तर त्यांच्या मनात लगेच हिवतापाची, म्हणजे मलेरियाची शंका येईल आणि ते रक्त तपासायला सांगतील. हिवताप या शब्दातच ‘हिव’ म्हणजे थंडी आहे.

आणखीही काही जागा जपायच्या आहेत. ‘डर लगता है’ म्हणून ‘भीती लागते’ म्हणू नका, मराठीत भीती ‘वाटते’. उर्दूत ‘शर्म आती है’, मराठीत बहुधा लाजही ‘वाटते’. ‘खुशी हुई’ असली तरी ‘आनंद झाला’, कारण मराठीत आनंद पुल्लिंगी आहे.

काही शब्द तर वेषांतर केलेले असतात. उर्दूत ‘मैं हैरान हूँ’ म्हणजे मी चकित झालो. तोच शब्द मराठीत ‘हैराण’ झाला आणि त्याचा अर्थ ‘त्रासून गेलेला’ असा झाला. बक्षीस मिळाल्यावर ‘मी हैराण झालो’ म्हणालात, तर बक्षीस देणारे गोंधळून जातील. उलट ‘आजार’ हा शब्द फारसीतून आलेला, तुमच्या ओळखीचाच. तो इकडे येऊनही फारसा बदललेला नाही.

धाकट्याला शिकवताना एका चुकीकडे मात्र नीट लक्ष ठेवा. कंटाळा आला, की पुष्कळ मुले ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणा आहे’ असा होतो! ‘आय ॲम बोअर्ड’ म्हणायला शिकवा. आणि शिकवता शिकवता त्याने खरोखरच तसे म्हटले, तर वाक्य बरोबर आहे असे सांगा आणि त्या दिवसापुरता खेळ थांबवा.