खसखशीच्या दाण्यावर नेम

इंदूरहून दक्षिणेकडे निघालं की शहर मागे पडता पडता राळामंडळची टेकडी लागते. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन अख्खी कुटुंबं ती चढायला येतात. माथ्यावर होळकरांच्या काळातली शिकारगाह अजून उभी आहे. शिकारीच्या दिवशी रानात हाका उठायचा, हाकारे ढोल-डबे बडवत सावजाला पुढे रेटायचे आणि बंदुकीमागचा माणूस श्वास रोखून वाट बघायचा. १९८९ साली ही टेकडी अभयारण्य झाली. आता इथल्या हरणांवर रोखली जाते ती दुर्बीण, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा.

याच इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर महू आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून ते आपल्याला ठाऊक असतं. तिथे लष्कराच्या इन्फंट्री स्कूलमध्ये नेमबाजांना घडवणारं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार आणि २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणारे जितू राय या युनिटमध्ये तयार झाले.

टेकडीवरची शिकारगाह आणि महूची रेंज यांच्या मधल्या काळात सावज बदललं, हत्यार बदललं, कायदा बदलला. नेम धरणाऱ्या शरीरापुढचा पेच मात्र तसाच राहिला. जिवंत शरीर क्षणभरही स्थिर नसतं. मग त्याच्या हातातली नळी स्थिर कशी राहणार?

पाव मिलिमीटरचा हिशेब

१० मीटर एअर रायफलचं लक्ष्य आधी नजरेसमोर आणू. कागदावर एकात एक वर्तुळं असतात. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर, म्हणजे हातातल्या बिस्किटाएवढा. अगदी मध्यभागी दहा गुणांचं टिंब असतं, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. माळव्यात अफूची शेती होते, त्यामुळे खसखस इथल्या घरांना नवी नाही. खसखशीचा दाणा साधारण मिलिमीटरभराचा असतो. हे टिंब त्याच्याही निम्मं. नेमबाज उभा असतो दहा मीटरवर, म्हणजे मोठ्या बसच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला ठेवलेला अर्धा दाणा त्याला टिपायचा असतो.

छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. त्याची कड टिंबाला नुसती चाटून गेली तरी दहा गुण मिळतात. याचा अर्थ छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत हललं तरी चालतं. दहा मीटरवर अडीच मिलिमीटर म्हणजे खांद्यापासून मीटरभर पुढे असलेल्या नळीच्या टोकाला फक्त पाव मिलिमीटर. दोन-तीन कागद एकावर एक ठेवले की तेवढी जाडी होते. शिवाय आता मोठ्या स्पर्धांत दशांशात गुण मोजतात आणि एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण पक्कं करणारी शेवटची गोळी झाडली ती १०.८ची होती. केंद्रापासून तिचं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नव्हतं.

शरीर गप्प बसत नाही

घरी एक प्रयोग करून बघता येईल. कुणाच्या डोळ्यांवर उजेड पडणार नाही याची काळजी घेऊन लेझरचा दिवा दहा पावलांवरच्या भिंतीवर रोखा. लाल ठिपका नाचायला लागतो. जरा वेळ नीट पाहिलं की या नाचातले वेगवेगळे ताल ओळखू येतात.

सर्वांत संथ ताल श्वासाचा. छाती भरते तसे खांदे उचलले जातात आणि ठिपकाही सरकतो. दुसरा ताल हृदयाचा. प्रत्येक ठोक्याला हृदय रक्त जोराने महाधमनीत ढकलतं आणि त्याच्या उलट धक्क्याने अख्खं शरीर किंचित हलतं. तिसरी अगदी बारीक थरथर स्नायूंची असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. निरोगी माणसाच्या हातातही ती असतेच. या सगळ्याखाली उभं शरीर सतत झुलत असतं, कारण दोन पायांवर तोल सांभाळणं म्हणजे पडता पडता पुन्हा पुन्हा सावरणं.

यातल्या प्रत्येकावर नेमबाजांनी काही ना काही तोड काढली आहे. सुईत दोरा ओवताना आपण नकळत श्वास रोखतो. नेमबाज तेच जाणीवपूर्वक करतो. अर्धाअधिक श्वास सोडून झाला की छातीचे स्नायू सैल पडतात, त्या नैसर्गिक विरामात तो गोळी सोडतो. हा विराम आठ-दहा सेकंदांपलीकडे ताणला तर थरथर वाढते आणि दृष्टीही मंदावते. म्हणून गोळी सुटली नाही तर चांगला नेमबाज रायफल खाली घेतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.

रायफलचं वजन तो स्नायूंवर घेत नाही. उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं दिसतं. स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो, हाडाला हा त्रास नाही. कॅन्व्हास आणि चामड्याचं जाड जाकीट याच कामासाठी असतं. ते पाठीला आधार देतं आणि ठोक्याचा धक्का रायफलपर्यंत पोचताना बोथट करतं. या आधाराचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून कापडाची जाडी नियमाने बांधली आहे. जाकिटाचा एकेरी थर २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही.

हृदयाचं काय करायचं? १९८०च्या दशकात फिनलंडच्या संशोधकांना असं दिसलं की मुरलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या शांत टप्प्यात गोळी सोडतात, नवशिके केव्हाही सोडतात. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध इतका ठळक आढळला नाही, त्यामुळे यावरची चर्चा संपलेली नाही. ठोके मंद असणं फायद्याचं आहे हे मात्र नक्की. हृदयाची गती उतरवणारी बीटा-ब्लॉकर औषधं म्हणूनच या खेळात बंद आहेत. २००८च्या ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला अशाच औषधामुळे दोन पदकं परत करावी लागली.

‘आता!’ म्हणायला उशीर होतो

इथे विज्ञानाने एक सुंदर गोष्ट दाखवून दिली आहे. आपल्याला वाटतं, नेमबाज नळी नेमकी मध्यावर आली की ‘आता!’ म्हणून चाप ओढत असेल. हे अशक्य आहे. डोळ्याला दिसणं, मेंदूला कळणं आणि बोटाने हलणं यात सेकंदाचा जवळपास पाचवा भाग जातो. तेवढ्यात नळी पुढे सरकलेली असते. हौशी माणूस तो क्षण पकडायला जातो, चापाला हिसका देतो आणि त्या हिसक्यानेच नेम बिघडवतो.

मुरलेला नेमबाज आपली थरथर आधी ओळखून घेतो. ठिपका किती फिरतो, कुठे रेंगाळतो, केव्हा संथ होतो हे त्याला हजारो गोळ्यांनंतर ठाऊक झालेलं असतं. चापावरचा दाब तो सावकाश वाढवत नेतो आणि नळी शांत होऊ लागण्याच्या सुमारास गोळी सुटते. १९८४ साली अमेरिकी संशोधकांनी निष्णात नेमबाजांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. गोळी सुटण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या डाव्या अर्धगोलातल्या अल्फा लहरी वाढत गेल्या होत्या. मनातल्या मनात सूचना देत राहणारा, शब्दांशी जोडलेला हा भाग त्या वेळी निवांत होत असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

विजय कुमार यांच्या रॅपिड फायर प्रकारात तर विचाराला जागाच नसते. २५ मीटरवर पाच लक्ष्यं ओळीने उभी असतात. आठ सेकंदांत पाच गोळ्या, मग सहा सेकंदांत, शेवटी चारच सेकंदांत पाच. एका गोळीच्या वाट्याला आठ दशांश सेकंद येतात. हात उचलणं, पहिली गोळी, पुढच्या लक्ष्याकडे वळणं, हे सगळं एकाच लयीत बसवावं लागतं. तबल्याचा कायदा हातात बसतो, तसं.

डोळ्याने काय बघायचं

पिस्तुलात मागे खाच असते आणि पुढे माशी. खाचेत माशी, माशीवर लक्ष्य. तीन गोष्टी तीन अंतरांवर, आणि आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. मग स्पष्ट काय दिसायला हवं? नवा मुलगा सांगेल, लक्ष्य. शिकवणारे सांगतात, माशी.

हे भूमितीतून पटतं. खाच आणि माशी यांच्यात सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. खाचेच्या तुलनेत माशी एक मिलिमीटर सरकली तर नळीचा कोन बदलतो आणि दहा मीटरवर ही चूक जवळजवळ तीन सेंटिमीटर होते. याउलट अख्खा हात सरळ एक मिलिमीटर बाजूला गेला तर लक्ष्यावरची चूकही एकाच मिलिमीटरची राहते. हात थोडा हलला तर क्षम्य आहे, माशी खाचेतून हलली तर नाही. लक्ष्य धूसर दिसू द्यायचं आणि माशी लख्ख ठेवायची, हे त्यामागचं कारण.

छर्ऱ्याचा प्रवास

जुन्या एअरगनमध्ये स्प्रिंग असायची. ती सुटताना अख्खी बंदूक दचकायची. आताच्या रायफलीत सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली नळकांडी असते, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट दाब. हा दाब एका नियंत्रकातून उतरवून प्रत्येक गोळीला सारखाच मिळेल अशी व्यवस्था असते. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि सहा शतांश सेकंदात लक्ष्यावर पोचतो. एवढ्या वेळातही गुरुत्वाकर्षण त्याला पावणेदोन सेंटिमीटर खाली ओढतं. रायफलचा नेम आधीच तेवढा जुळवून घेतलेला असतो.

५० मीटरच्या रायफलीत दारू असते आणि गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची. नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते. पिळाचा एक वेढा साधारण ४० सेंटिमीटरला पुरा होतो, म्हणजे लक्ष्यापर्यंत पोचताना गोळी सव्वाशेच्या आसपास गिरक्या घेते. भोवऱ्याला गिरकी उभं ठेवते, तशी गोळीचं तोंडही ती पुढे ठेवते. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी राखतात, कारण ध्वनीची सीमा ओलांडताना हवेतले धक्के गोळीला डळमळीत करतात. आणि उघड्या रेंजवर वारा असतोच. आडव्या झुळुकेने गोळी काही मिलिमीटर ढळते, आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास इथे फक्त १०.४ मिलिमीटर आहे. रेंजवरच्या झेंड्या वाचणं हा म्हणूनच अर्धा खेळ.

सावज गेलं, नेम राहिला

या खेळाचा जन्म शिकारीतून झाला हे लपवण्यासारखं नाही. १९०० साली पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या स्पर्धांत जिवंत कबुतरं उडवून मारली गेली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हरणाच्या आकाराचं पळतं लक्ष्य होतं. आज ट्रॅप नावाच्या प्रकारात ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी फुटते. जिवापासून चित्राकडे आणि चित्रापासून तबकडीकडे झालेला हा प्रवास मला मोलाचा वाटतो.

माळव्याने त्याआधी काय गमावलं, ते खरमोर पक्ष्याकडे बघून कळतं. पावसाळ्यात खरमोराचा नर मादीला रिझवण्यासाठी गवतातून पुन्हा पुन्हा उंच उड्या घेतो. ही उडीच शिकाऱ्याला त्याचा ठावठिकाणा सांगायची आणि विणीच्या दिवसांतच नर टिपले जायचे. शिकारीच्या जोडीला गवताळ रानंही शेताखाली गेली. १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर इथे त्याच्यासाठी अभयारण्यं झाली, तरी हा पक्षी आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाच्या शिकारीला लगाम घातला. एअरगनने पक्षी मारणंही याच कायद्याने गुन्हा ठरू शकतं, हे ती घरात आणणाऱ्या प्रत्येक पालकाने मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

नेमाची हौस मात्र मरू नये. ती चांगल्या ठिकाणी गेली की काय होतं, ते २०२३च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत दिसलं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये भारतीय संघाने १७६९ गुणांचा विश्वविक्रम करत सुवर्ण जिंकलं. संघात अखिल शेरॉनच्या जोडीला दोन नावं होती. एक ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर, इंदूरच्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा. दुसरा स्वप्नील कुसाळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला स्वप्नीलने ४५१.४ गुणांसह पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे स्वतः २००४च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. दोघंही मुलं खेड्यातून आलेली, आणि दोघांनी जे साधलं ते स्वतःच्या थरथरीशी वर्षानुवर्षं ओळख करून घेऊन साधलं.

राळामंडळच्या वाटेवर कधी कधी झुडपातून एखादं हरिण पुढे येतं आणि मान वर करून बघतं. चढून दमलेली माणसं जागच्या जागी थांबतात. कुणी काही सांगत नाही, तरी सगळ्यांचा श्वास रोखला जातो. शंभर वर्षांपूर्वी याच टेकडीवर बंदुकीमागच्या माणसाचाही असाच रोखला जायचा. आता हरिण कान हलवतं, दोन उड्यांत गवतात शिरतं, आणि मग आपण श्वास सोडतो.