माग जुना का राहतो?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला. त्याला शतक उलटून गेले, तरी तेथे आणि भिवंडी, मालेगावातही धोट्याचे साधे माग अद्याप मोठ्या संख्येने खडखडत आहेत. याचे खापर मालकांच्या जुनाट वृत्तीवर फोडले जाते. मात्र लहान उद्योजक कोणते यंत्र घेतो, हे पुष्कळदा यंत्राच्या गुणांपेक्षा त्याच्या पतीवर ठरते.

खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. सूत त्याचे नसते, कापडही नसते; अनेकदा शेडही भाड्याची असते. जुन्या मागाला भंगाराचा भाव. मग बँकेपुढे तारण ठेवायचे काय? उरते ते राहते घर, आणि ते पणाला लावण्याची छाती सर्वांना होत नाही. खासगी सावकाराचे कर्ज चढ्या व्याजाचे आणि थोड्या मुदतीचे. आधुनिक यंत्राची किंमत वसूल व्हायला मात्र अनेक वर्षे लागतात. परिणामी, बचतीत आणि उसनवारीत बसेल असा वापरलेला माग घेतला जातो.

हा स्वस्त सौदा पुढे महाग पडतो. रेपिअर किंवा एअरजेट मागाच्या तुलनेत उत्पादन कमी, कापडात दोष अधिक आणि म्हणून मजुरीही कमी. कमी मजुरीतून शिल्लक पडत नाही आणि शिल्लक नसल्याने पतही वाढत नाही.

सरकारने १९९९ मध्ये तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणून कर्जावरील व्याजात पाच टक्क्यांची सवलत दिली. पण ज्याला मुळात कर्जच मिळत नाही, त्याला व्याजसवलतीचा उपयोग काय? विनातारण कर्जांना हमी देणारा न्यास २००० साली स्थापन झाला. यंत्रसामग्रीसाठीच्या १०० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांना ६० टक्के हमी देणारी योजना २०२५ मध्ये आली. तथापि, ही हमी बँकेला असते. कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. शिवाय कर्ज द्यायचे की नाही, याचा निर्णय अखेर बँकेचाच असतो.

म्हणूनच तारणाइतकेच वजन उद्योगाच्या रोजच्या उलाढालीला मिळावयास हवे. विजेची देयके, वस्तू व सेवा कराची विवरणे आणि बँकेत जमा होणारी मजुरी यांतून मागधारकाची फेडण्याची कुवत बऱ्याच अंशी कळू शकते. ती पाहिली जाणार नसेल, तर नवे यंत्र ज्याच्याजवळ आधीच मालमत्ता आहे, त्याच्याच शेडमध्ये जाईल.