आजोबांच्या रेडिओतले सेल आजच काढा

जुने ट्रान्झिस्टर दुरुस्त करायची मला मनापासून आवड आहे. वरून कॅबिनेट चकाचक, डायल शाबूत आणि मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर. जीव हळहळतो, कारण हे नुकसान सहज टाळता आलं असतं.

साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचं डबडं हेच ऋण टोक असतं. सेल वापरताना ते झिजतं, त्याला भोकं पडतात आणि आतलं आम्लधर्मी रसायन पाझरतं. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाबाने सील फाटतं. बाहेर आलेला द्रव हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेट होतो. ती पांढरी पूड म्हणजे हेच.

अल्कलाइनचा थर व्हिनेगर लावलेल्या इअरबडने हलक्या हाताने काढा, झिंक-कार्बनसाठी खाण्याच्या सोड्याचं पाणी. हातमोजे हवेतच, डोळेही सांभाळा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. गंजलेली स्प्रिंग बदलता येते. द्रव सर्किट बोर्डावर पोचून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील, तर मात्र काम फार किचकट होतं.

जुना-नवा सेल एकत्र घालू नका. बाकीचे सेल कमजोर सेलमधून प्रवाह रेटत राहतात आणि तोच आधी गळतो.

कपाटातला रेडिओ, कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांची खेळणी, सगळ्यांची झाकणं आज उघडून बघा. वापरात नसेल त्यातले सेल लगेच काढून ठेवा.