पल्सारचे अंतर सांगणारा उशीर

वळवाच्या दिवसांत उंब्रजच्या शिवारातून डोंगराकडे वीज चमकताना दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. दोन्ही निघतात एकाच क्षणी. पण आवाज हळू, म्हणून उशिरा पोहोचतो. मधले सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर चमकली, याचा अंदाज येतो. हजारो प्रकाशवर्षे दूरच्या पल्सारचे अंतर काढतानाही शास्त्रज्ञ अशाच उशिराचा आधार घेतात.

मोठा तारा स्फोट होऊन संपला की कधी कधी त्याचा गाभा उरतो. वस्तुमान सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम 20 किलोमीटर. तो गरगर फिरताना त्याचा रेडिओलहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला ठोके मिळतात. हाच पल्सार. 1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारची ‘नाडी’ मिनिटाला सुमारे 45 होती. वृषभ राशीतला क्रॅब पल्सार मात्र सेकंदाला सुमारे 30 ठोके देतो. ज्या स्फोटातून तो जन्मला, त्याची नोंद चिनी निरीक्षकांनी 1054 मध्ये केली होती.

तारे-ताऱ्यांमधली जागा अगदी रिकामी नसते. चहाच्या लहान कपाएवढ्या जागेत तिथे सरासरी दोन-तीन मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी जास्त रेंगाळतात. क्रॅबच्या एकाच ठोक्यातली 400 मेगाहर्ट्झची लहर 1400 मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा सव्वा सेकंदाहून थोडी अधिक उशिरा पोहोचते, तीही सुमारे 6500 वर्षांच्या प्रवासानंतर! उशीर जितका जास्त, तितके वाटेतले इलेक्ट्रॉन जास्त. म्हणजे बहुधा अंतरही जास्त.

या ‘बहुधा’तच अडचण आहे. दक्षिण आकाशातला वेला पल्सार क्रॅबच्या जवळपास सातपट जवळ आहे, तरी त्याच्या लहरींना होणारा उशीर क्रॅबपेक्षा जास्त आहे. कारण त्याच्या दिशेला गम तेजोमेघ पसरलेला आहे आणि तिथे इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे. एकाच तपासणीवर निदान करू नये, हा दवाखान्यातला नियम इथेही लागू पडतो. म्हणून शक्य तिथे दुसरी तपासणी होते, पराशयाची. हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा पल्सारही असाच किंचित सरकलेला दिसतो. त्यावरून वेलाचे अंतर साडेनऊशे प्रकाशवर्षांच्या आसपास ठरले.

हा उशीर बारकाईने मोजणारी मोठी दुर्बीण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘जीएमआरटी’. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. कमी कंप्रतेवर उशीर ठळक दिसतो आणि तेच या दुर्बिणीचे बलस्थान. जून 2023 मध्ये भारतीय, जपानी आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी पल्सारांच्या ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्याचे एकत्रित जाहीर केले. ठोक्यांतला तो फरक अत्यंत सूक्ष्म. इलेक्ट्रॉनांमुळे झालेला उशीर आधी काटेकोर वजा केल्याशिवाय तो हाती लागत नाही. त्या वजाबाकीत खोडदच्या मोजमापांचा मोठा वाटा होता.